दहा वाक्यं, सह्यांसकट

मी खोट्यावर सही करत नाही. फुशारकी म्हणून सांगत नाही, त्याच कामाचा मला पगार मिळतो. आमच्या कचेरीच्या नक्कल विभागात मी सव्वीस वर्षं बसतोय. लोक जुन्या कागदाची नक्कल मागायला येतात. नक्कल यंत्रातून निघते, पण यंत्राला सही करता येत नाही. मग मी मूळ कागद डावीकडे, नक्कल उजवीकडे ठेवतो आणि दोन्हींवर एकेक बोट फिरवत ओळ न ओळ ताडून बघतो. याला आमच्यात रुजवात घेणं म्हणतात. "अहो, झेरॉक्सची कसली रुजवात घेता?" असं लोक विचारतात. मी बोट पुढच्या ओळीवर नेतो.

तर अशा माणसावर त्या सोमवारी परिपत्रक येऊन आदळलं.

विभागप्रमुखाची जागा रिकामी झाली होती आणि ती मला मिळणार हे जवळजवळ ठरलेलंच होतं. निदान माझ्या मनात तरी. ही बातमी मी कुणालाही सांगितली नव्हती. म्हणजे बायकोला सांगितली, मेव्हण्याला सांगितली, मेव्हण्याच्या पोटात काही राहत नाही हे माहीत असूनही सांगितली, आणि समोरच्या घरातल्या बँकवाल्यांना "कुणाला बोलू नका" असं बजावून सांगितली. दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या काकूंनी माझं अभिनंदन केलं. मी लाजलो. आता मागे फिरायची सोय उरली नव्हती. त्यात स्पर्धेत होता टायवाला. माझ्यानंतर अकरा वर्षांनी नोकरीला लागलेला. बारा महिने टाय बांधतो, उकाड्यातसुद्धा. ही जागा त्याला गेली असती तर सेवानिवृत्तीपर्यंतची दोन वर्षं मला त्या टायसमोर उभं राहून "येऊ का आत?" विचारावं लागलं असतं. मी त्याला पहिल्या दिवशी पंचिंग मशीन कुठे असतं ते दाखवलेलं आहे.

आता परिपत्रकाविषयी. आमच्या नव्या मोठ्या बाई नुकत्याच तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला जाऊन आल्या होत्या. आधीचे साहेब प्रशिक्षणाहून येताना एक बॅग आणि सर्दी घेऊन यायचे. बाई क्रियापद घेऊन आल्या. परिपत्रकात लिहिलं होतं की इच्छुकांनी 'कोलॅबरेट' हे इंग्रजी क्रियापद वापरून, इंग्रजीतच, दहा वाक्यं लिहावीत. प्रत्येक वाक्य अर्जदाराच्या बाबतीत खरं घडलेलं असावं. आणि ज्याच्याबरोबर कोलॅबरेट केलं, म्हणजे मिळून काम केलं, त्याची त्या वाक्यासमोर सही असावी. मुदत शुक्रवार, दुपारी बारा.

मी हे तीनदा वाचलं. मग डोळे मिटून सव्वीस वर्षांत आपण कुणाबरोबर मिळून काय काम केलं ते आठवायला लागलो. एकदा कपाट सरकवलं होतं. पण ज्याच्याबरोबर सरकवलं तो वारला.

कचेरीबाहेरचं मिळून केलेलं काम चालेल का, असं मी बाईंच्या सहायकाला लेखी विचारलं. तोंडी उत्तराला अर्थ नसतो. संध्याकाळी लेखी उत्तर आलं: "परिपत्रकात मनाई केलेली नाही. मुभाही दिलेली नाही." असं उत्तर लिहायला माणूस वर्षानुवर्षं मुरावा लागतो. मी मनातल्या मनात त्याला नमस्कार केला आणि मनाई नाही एवढंच धरून घरी गेलो.

"वाक्यं करायची तर आहेत," बायको म्हणाली. ती एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे, रक्त तपासते. "दहा मिनिटांचं काम."

"वाक्यं होतील गं. पण ती खरी पाहिजेत."

"मग आधी कुणाबरोबर तरी काम करा, मग लिहा," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. तिला हे सहज सुचलं होतं. मला मात्र तो उपायच वाटला.

मंगळवारी शेजारचे हेडमास्तर आले. छत्तीस वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले आहेत, पण निवृत्ती त्यांना अजून मानवलेली नाही. खुर्चीत बसण्याआधीच त्यांनी एक वाक्य सांगितलं. दोन राजांनी कोलॅबरेट करून तिसऱ्या राजाचा पराभव केला.

"पण मास्तर, राजाची सही कुठून आणू?"

"ते तुम्ही बघा. वाक्य निर्दोष आहे."

माझी अडचण नीट समजावून सांगितल्यावर ते गंभीर झाले, दोनदा खोकले आणि म्हणाले, "जिन्यातला दिवा!"

आमच्या जिन्यातला दिवा सात महिने बंद होता. पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधोमध असल्यामुळे तो नक्की कुणाचा हे ठरत नव्हतं. पहिल्या मजल्याला तो वरच्यांचा वाटे, दुसऱ्याला खालच्यांचा. सगळे सात महिने भिंतीला धरून उतरत होते आणि एकमेकांना नावं ठेवत होते. मास्तरांचं म्हणणं असं की सगळ्यांनी मिळून हा दिवा लावायचा. एका दिव्यात किमान चार वाक्यं निघतील. शिडी आणली, शिडी धरली, दिवा काढला, दिवा लावला. "आणि चारही भूतकाळात," ते म्हणाले. मला पटलं. माणूस अडचणीत असला की त्याला काहीही पटतं.

मी लगेच बँकवाल्यांकडे गेलो, कारण शिडी त्यांची. ते म्हणाले, "शिडी देईन, पण धरणार मीच. मागे एकाला दिली तर पायरी मोडून परत आली." मला तेच हवं होतं. मग वायरमनला फोन केला. तो म्हणाला, इमारतीच्या दिव्याला हात लावायचा तर सेक्रेटरीचं पत्र लागेल. आमच्या सेक्रेटरी म्हणजे खालच्या काकू. काकू म्हणाल्या, पत्र द्यायचं तर ठराव हवा, आणि ठरावाला सभा हवी. मग बुधवारी संध्याकाळी जिन्यातच सभा झाली. चार जण हजर होते. त्यात सेक्रेटरी, सूचक, अनुमोदक आणि शिडी धरणारा असे सगळे बसले. ठराव बिनविरोध झाला. काकूंनी तो वहीत लिहिला, वाचून दाखवला, त्यातला 'दिवा' हा शब्द खोडून 'दिवाबत्ती व्यवस्था' असा केला आणि पुन्हा वाचून दाखवला. वायरमन मात्र म्हणाला, मी उद्या येतो.

इथे थांबायला हवं होतं. पण शुक्रवार जवळ आला होता, शिडी उभी होती आणि माणसं जमली होती. मी वर चढलो.

बँकवाल्यांनी शिडी धरली. मास्तरांनी बॅटरी धरली आणि सूचना द्यायला सुरुवात केली. बॅटरी ते ज्याच्याशी बोलतील त्याच्या तोंडावर मारत होते, त्यामुळे मला दिवा सोडून बाकी सगळं दिसत होतं. काकू खालून म्हणत होत्या, "अहो, हळू. रंग नवीन आहे." मी बल्ब फिरवला. बल्ब निघेना. मी जरा जोर लावला. बल्ब, बल्बची खोबणी, तिच्यामागून जाणारी इमारतीची वायर आणि काकूंच्या नव्या रंगाचा एक पोपडा असं सगळं माझ्या हातात आलं. चर्र असा आवाज झाला आणि पूर्ण इमारतीत अंधार झाला.

लिफ्टमधून आवाज आला, "कोण आहे रे?"

तिसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर लिफ्टमध्ये अडकले होते. दीड मजल्यावर. त्यांनी आतून दार लोटायचं, मी बाहेरून ओढायचं, असं वीस मिनिटं चाललं. बाहेर आल्यावर ते आधी घाम पुसत बसले, मग हे सगळं कशासाठी चाललंय असं त्यांनी विचारलं. मी क्रियापद सांगितलं. ते माझ्याकडे दुखऱ्या दाढेकडे बघावं तसं बघत राहिले.

गुरुवारी सकाळी वायरमन आला. खोबणी बसवायला मी त्याला स्टूल धरून मदत केली. काम झाल्यावर त्याने बटण शोधलं. ते काकूंच्या दाराजवळच्या चपलांच्या कपाटामागे सापडलं. बंद होतं. सात महिन्यांपूर्वी कपाट सरकवताना ते दाबलं गेलं असणार. म्हणजे दिव्याला काहीही झालेलं नव्हतं. वायरमन आमच्याकडे आळीपाळीने बघत म्हणाला, "एवढी शिकलेली माणसं तुम्ही." काकूंनी ही टिप्पणी वहीत घेतली नाही.

आता सह्या. मला वाटलं होतं, सही म्हणजे सही. पण लोक मुळात सही करत नाहीत, मत देतात. मी लिहिलं की मी बँकवाल्यांशी कोलॅबरेट करून शिडी आणली. ते म्हणाले, "आणली मी. तुम्ही पुढचं टोक भिंतीला घासत नेलंत." आणि सहीशेजारी तसं लिहिलं. मास्तरांनी माझं वाक्य लाल शाईने दुरुस्त केलं, दहापैकी साडेसहा गुण दिले आणि मग सही केली. काकूंनी ठराव क्रमांक टाकला, आणि पोपड्याची नोंद. डॉक्टरांनी लिहिलं, "वाक्य खरे आहे. हे टाळता आले असते." वायरमनला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून मी त्याला अर्थ सांगितला. तो म्हणाला, "स्टूल धरलं होतं, बरोबर आहे. पण मी सांगितल्यावर." तेही लिहावं लागलं, कारण खरं होतं.

पाच वाक्यं झाली. एकेक वाक्य म्हणजे माझ्या अब्रूचा एकेक पंचनामा, पण खरं. उरलेल्या पाचांसाठी मी कचेरीत गेलो.

जेवणाच्या सुट्टीत मी आवक-जावकच्या बाईंकडे गेलो, मग लेखा शाखेत, मग टंकलेखकाकडे. प्रत्येक जण माझा कागद बघायचा, हसायचा आणि म्हणायचा, "अहो, आमचं झालं." झालं म्हणजे काय झालं, हे चहाच्या खोलीत गेल्यावर कळलं. त्या खोलीत मी सहसा जात नाही. टायवाला मधोमध बसला होता. त्याने सोमवारीच दहा वाक्यं टाइप केली होती. बाकीच्यांनी एकेक शब्द सुचवला होता. प्रती काढून सगळ्यांनी वाटून घेतल्या होत्या, आणि आता टेबलाभोवती कागद फिरत होते. ह्याच्या कागदावर त्याची सही, त्याच्या कागदावर हिची. बावीस कागद, वाक्यं सगळ्यांवर तीच. हसणं-खिदळणं चाललं होतं. कुणीतरी बिस्किटांचा पुडा फोडला होता.

"काका, तुम्हालाही एक प्रत देऊ का?" टायवाला म्हणाला. वाईट मनाने म्हणाला नाही, हे मी इथे नमूद करतो. "सह्या आत्ता पाच मिनिटांत होतील."

"मी जे केलं नाही त्यावर सही घेत नाही," मी म्हणालो. आवाज मला हवा होता तेवढा करारी आला. मग मात्र तोंडातून निघून गेलं, "सोमवारी मला कुणी बोलावलं नाही."

आवक-जावकच्या बाई म्हणाल्या, "अहो, बोलावत होतो की. तुम्ही लागलात तेव्हा रोज बोलवायचो. तुम्ही म्हणायचात, काम आहे. दोन वर्षं बोलावलं. मग आम्हीच म्हटलं, कशाला त्रास द्या."

मी विभागात परत आलो. मूळ कागद डावीकडे ठेवला, नक्कल उजवीकडे ठेवली. त्या दुपारी मी एकच ओळ चारदा ताडली. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

घरी जाताना मात्र एक वाक्य सुचलं आणि जीव भांड्यात पडला. ज्या कामाला कुणाची साक्ष काढायला नको, असं एकोणतीस वर्षांचं काम तर घरातच होतं! मी सुवाच्य अक्षरात लिहिलं की माझ्या बायकोशी कोलॅबरेट करून मी हा संसार चालवला. पेनाचं टोपण काढून पेन तिच्या हातात दिलं. अशा वेळी बायका डोळे पुसतात असा माझा समज होता.

तिने वाक्य वाचलं. पेन वर धरूनच विचारलं, "धाकट्याच्या वर्गशिक्षिकेचं नाव काय होतं? कुठल्याही वर्गातल्या. एकीचं सांगा."

"असं एकदम विचारल्यावर..."

"बरं. आपल्या घरात साखर कुठल्या डब्यात असते?"

"स्टीलच्या," मी म्हणालो.

"सगळेच स्टीलचे आहेत." ती रागावली नव्हती, हसत होती. त्यामुळेच ते फार लागलं. "अहो, खोट्यावर सही तुम्ही करत नाही ना? मग मी तरी कशी करू?"

मी चिडलो. पगार आणून देतो, वेळेवर घरी येतो, कधी आवाज चढवला नाही, असं बरंच बोललो. ती म्हणाली, "ते सगळं खरं आहे. त्याचं वेगळं वाक्य करा, सही देते. पण हे काम मिळून झालेलं नाही. मी केलं. तुम्ही होतात."

रुजवात घेणाऱ्या माणसाची एक पंचाईत असते. मूळ कागद समोर आला की त्याला बोट फिरवावंच लागतं. मी मनात एकोणतीस वर्षांवर बोट फिरवलं आणि गुपचूप ते वाक्य खोडलं.

ती दोरीवरचे कपडे काढायला गेली. मोठी चादर होती, दोघांच्या पलंगाची. ती एक टोक हनुवटीखाली धरून, हात फाकून एकटीच घडी घालत होती. हे मी हजारदा पाहिलं असेल. मी उठून दुसरं टोक धरलं. आधी उलट्या बाजूने दुमडलं, मग ती पुढे आली तेव्हा मीही पुढे गेलो आणि कपाळावर कपाळ आपटलं. तिसऱ्या खेपेला घडी जमली. जरा तिरकी होती, पण घडी ती घडी.

"आता लिहा," ती म्हणाली. मी लिहिलं की बायकोशी कोलॅबरेट करून मी एका चादरीची घडी घातली. तिने 'एका' या शब्दाखाली रेघ मारली आणि झोकात सही केली.

शुक्रवारी पावणेबाराला मी सहा वाक्यांचा कागद दिला. तीन वाजता बाईंनी मला आत बोलावलं. डावीकडे बावीस कागदांचा गठ्ठा होता, उजवीकडे माझा एकटा कागद. बाई माझा कागद वाचताना दोनदा रुमाल तोंडाला लावून हसल्या.

"तुमचं प्रत्येक वाक्य खरं आहे, यात मला शंका नाही," त्या म्हणाल्या. "पण सहाच आहेत. आणि एकही कचेरीतलं नाही."

"बाई, तुमच्या डावीकडच्या बावीस कागदांवर तीच ती वाक्यं आहेत. माझी नजर तयार आहे, मला इथूनही दिसतंय."

"मलाही दिसलं," बाई शांतपणे म्हणाल्या. "मी त्यांना विचारलंही. बावीस जणांनी मिळून एक काम वेळेत पुरं केलं, वर बिस्किटंही खाल्ली. याला मी काय म्हणू? मला शोधायचं होतं ते हेच, आणि हे जमवून आणणारा माणूस."

मी नमस्कार करून बाहेर आलो. टायवाल्याच्या नावाचा आदेश चार वाजता निघाला.

घरी पोचेपर्यंत मी तीन थापा तयार केल्या. निकाल लांबला. जागाच रद्द झाली. मीच नको म्हणालो. तिसरी फार छान होती. पण बायकोने दार उघडलं आणि मी दारातच म्हणालो, "नाही मिळालं. टायवाल्याला दिलं." कचेरीतली वाईट बातमी त्याच दिवशी घरी सांगायची माझी ही पहिलीच वेळ. एरवी मी ती आधी मुरवत ठेवतो.

मला वाटलं ती म्हणेल, जाऊ द्या. तर ती हातातली पिशवी टाकून तिथेच बसली आणि भडकली. "म्हणजे खोटं लिहिणाऱ्यांना बढती? आणि ती बाई हसली? तुमच्या कागदावर हसली? तिच्या प्रशिक्षणाला काय आग लावायची आहे?" मी म्हणालो, तसं नाही, बाईंचंही काही अंशी बरोबर आहे. "काही बरोबर नाही!" ती म्हणाली. मग मीही सुटलो. टायपासून सुरुवात केली. ती बिस्किटांवर आली. अर्धं वाक्य मी बोलायचो, उरलेलं ती पुरं करायची. तासभर आम्ही त्या कचेरीत एकही माणूस धड ठेवला नाही. शेवटी दोघांनाही धाप लागली आणि हसू यायला लागलं.

"आता काय करू?" मी विचारलं. असं मी तिला कधी विचारलं होतं, आठवत नाही.

"रजा काढा. आठ दिवस. मीही काढते, कुठेतरी जाऊ. त्याला खुर्चीत एकट्याला बसू दे जरा."

मी कागद घेतला आणि अडलो. सव्वीस वर्षांत मी रजेचा अर्ज कधी लिहिलाच नव्हता. आमच्या घरात मी 'एकही रजा न घेणारा माणूस' म्हणून प्रसिद्ध आहे. तसं प्रमाणपत्रही भिंतीवर आहे. मी तिला विचारलं, "सुरुवात कशी करतात गं?"

तिला तोंडपाठ होतं. थोरल्याच्या गोवराची रजा, धाकट्याच्या कांजिण्यांची, माझ्या आईच्या मोतीबिंदूची, वडिलांच्या शेवटच्या दुखण्याची दीड महिन्यांची, आणि मी कावीळ होऊन पडलो होतो तेव्हाची. तेव्हा माझी रजासुद्धा तिनेच कळवली होती, आणि ती कचेरीत कुणीतरी चुकून हजेरी म्हणून लावली होती. ती एकेक ओळ सांगत गेली आणि मी लिहीत गेलो. "कौटुंबिक कारणास्तव," ती म्हणाली, "असं लिहा. पुढे कुणी विचारत नाही."

लिहून झाल्यावर तिने कागद स्वतःकडे ओढला आणि वरपासून खालपर्यंत बोट फिरवत वाचला.

"मंजूर होईल ना?" मी विचारलं.

"माझी एकही नामंजूर झाली नाही," ती म्हणाली आणि कागद माझ्या पुढ्यात ठेवून सही कुठे करायची ते दाखवलं.